नूरच्या नावामागोमाग : लंडन, डाखाऊ, वालाँसे

मंगळवार, ब्लूम्सबरी

गॉर्डन स्क्वेअर कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नसतं. माझ्या यादीत ते पहिलं होतं. ब्लूम्सबरीतली ही चौकोनी बाग, भोवती लंडन विद्यापीठाच्या इमारती, हिरवळीवर डबे उघडून बसलेली कॉलेजची मुलं. रवींद्रनाथ ठाकुरांचा एक अर्धपुतळा इथे आहे. दुसरा अर्धपुतळा नूर इनायत खानचा, आणि मी आले होते ती त्याच्यासाठी. कॅरन न्यूमन या शिल्पकर्तीने तो ब्राँझमध्ये घडवला आणि ८ नोव्हेंबर २०१२ रोजी राजकन्या ॲन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. चौथऱ्याशी कुणीतरी छोटा लाकडी क्रूस खोचून ठेवला होता, त्याच्या मधोमध कागदी लाल पॉपी, ब्रिटनमध्ये युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचं फूल.

नूरची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १ जानेवारी १९१४, मॉस्कोत. वडील बडोद्याचे सूफी गायक हजरत इनायत खान, आई अमेरिकन. बालपण पॅरिसजवळ. संगीत शिकलेली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी, जातककथा मुलांच्या भाषेत सांगणारी मुलगी. फ्रान्स पडल्यावर घरच्यांबरोबर इंग्लंडला आली, हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली आणि तिथे वायरलेस शिकली. तिथून तिला उचललं स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हने, म्हणजे एसओईने. शत्रूच्या ताब्यातल्या देशांत माणसं उतरवून घातपात आणि बंड घडवून आणण्यासाठी १९४० साली काढलेलं हे गुप्त खातं. १६-१७ जून १९४३ च्या रात्री लायसँडर विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. ब्रिटनमधून तिकडे पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. सांकेतिक नाव मादलेन. पुढे ती पकडली गेली आणि जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. सूरसागर तळ्यासमोरच्या संगीत महाविद्यालयात माझी आत्या सतार शिकली. मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये काढलेली गायनशाळा ती हीच. इनायत खान त्या मौलाबक्षांच्या मुलीचा मुलगा, म्हणजे नूर मौलाबक्षांची पणती. आमच्या घरात मौलाबक्षांचं नाव आदराने निघायचं. त्यांच्या पणतीचं नाव मात्र मी पन्नाशी उलटेपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ही खंत मनात होती, म्हणून हा प्रवास ठरवला. लंडनला राहणारी भाची सुट्टी काढून बरोबर आली.

बागेपासून चालत अगदी जवळ टॅव्हिटन स्ट्रीट. ४ क्रमांकाच्या घरावर गोल निळी पाटी आहे, ऑगस्ट २०२० मध्ये लावलेली. लंडनच्या निळ्या पाट्यांमध्ये भारतीय वंशाच्या स्त्रीची ही पहिली. फ्रान्सला जाण्यापूर्वी तिच्या घरच्यांचा पत्ता हा होता. जर्मनीतल्या फोर्त्सहाइमच्या तुरुंगात तिला एकटीला, हातापायांत साखळदंड घालून ठेवलं होतं. बाकीच्या कैद्यांनी आपल्याला ओळखावं म्हणून तिने जेवणाच्या भांड्याच्या बुडाला कोरून नाव आणि पत्ता लिहिला. नाव नोरा बेकर, हे तिचं घेतलेलं इंग्रजी नाव, पत्ता ४, टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन. तेच भांडं फिरून दुसऱ्या कोठडीत जायचं आणि तिथली बाई ते बूड वाचायची.

दारासमोर आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे ही पाटी तिने आधीच कोरून ठेवली होती की." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

बुधवार, नाइट्सब्रिज आणि थेम्सचा काठ

विल्टन प्लेसमधल्या सेंट पॉल्स चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. १९४८ च्या मे महिन्यात बसवलेला, त्यावर ५२ स्त्रियांची नावं. वर लिहिलंय विमेन्स ट्रान्सपोर्ट सर्व्हिस, फॅनी. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनची ही स्त्रियांची स्वयंसेवी संघटना. रुग्णवाहिका आणि मोटारी चालवणं हे तिचं उघड काम. एसओईने फ्रान्सला पाठवायच्या बहुतेक स्त्रियांना हाच गणवेश दिला. कारण व्यवहारी होतं. महिला सैनिकांना हत्यार वापरायची मनाई होती, फॅनी लष्कराच्या बाहेरची, तिला तो नियम लागू नव्हता. शिवाय घरी सांगायला बरं पडायचं: मुलगी गाडी चालवते.

युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती, तेव्हाचा हा दगड आहे. या बायका खरोखर काय करत होत्या याची चर्चा उघडपणे सुरू व्हायच्या आत तो भिंतीत बसला. सरकारी खातं आधीच, जानेवारी १९४६ मध्ये, गुंडाळलं होतं. तेव्हा ज्या संघटनेचा नुसता गणवेश त्यांनी घातला, तिने त्यांना आपलं म्हणून दगडावर घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या आडोशाने त्या लपल्या, त्यानेच आधी त्यांची नावं जगाला दाखवली.

दुपारी लॅम्बेथ पॅलेससमोर, अल्बर्ट एम्बँकमेंटवर. इथलं एसओईचं स्मारक २००९ चं. उंच चौथऱ्यावर व्हायोलेट साबोचा अर्धपुतळा, तोही कॅरन न्यूमन यांनीच केलेला. मोहिमेतून परत आलेले आणि न आलेले, अशा सगळ्याच एजंटांसाठी तो उभारला आहे असं त्यावर कोरलंय. खाली जर्मन ताब्याविरुद्ध लढलेल्या फ्रेंच प्रतिकाराच्या लोकांसाठी आणि नॉर्वेतल्या घातपाती पथकासाठी वेगळे लेख आहेत.

व्हायोलेटचा नवरा फ्रेंच परदेशी पलटणीतला अधिकारी, एल अलामेनला पडला. तेव्हा मुलगी तान्या काही महिन्यांची. फ्रान्समधली पहिली मोहीम आटोपून परतताना व्हायोलेटने पॅरिसमध्ये मुलीसाठी एक फ्रॉक विकत घेतला, पुढे मोठी झाल्यावर येईल अशा मापाचा. दुसऱ्या मोहिमेवर जून १९४४ मध्ये ती पकडली गेली, आणि १९४५ च्या सुरुवातीला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय २३. जानेवारी १९४७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजे सहावे जॉर्ज यांनी तिचा जॉर्ज क्रॉस, शौर्याचं ब्रिटिश पदक, चार वर्षांच्या तान्याच्या फ्रॉकवर लावला. फ्रॉक तोच, पॅरिसचा.

फ्रान्समध्ये काम केलेल्या एसओईच्या तीन स्त्रियांना जॉर्ज क्रॉस मिळाला. ओडेट सॅन्सम जिवंत परतली. व्हायोलेट आणि नूर यांना तो मरणोत्तर मिळाला, नूरला तर एप्रिल १९४९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर साडेचार वर्षांनी. एवढा उशीर का, ते पुढे येईल.

याच काठाने व्हॉक्सहॉलच्या दिशेने चालत गेलं की ब्रिटनच्या आजच्या परदेशी गुप्तचर खात्याची मोठी हिरवट इमारत दिसते. भाचीने विचारलं, "आणि आत्ता यांची माणसं मेली तर?" मी तिला अमेरिकेतल्या सीआयएच्या मुख्यालयातल्या संगमरवरी भिंतीबद्दल सांगितलं. तिथे मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक तारा कोरतात. खाली काचेच्या पेटीत एक वही आहे, तिच्यात काही ताऱ्यांसमोर नावं आहेत आणि काही जागा कोऱ्या. त्या भिंतीजवळ बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. आपल्याकडे रॉ १९६८ साली सुरू झाली, तेव्हापासून तिच्यासाठी किती घरांतून माणूस गेला आणि शेजाऱ्यांना हार्ट अटॅक म्हणून सांगावं लागलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून दिवसभर गेला नाही. गुप्तता कामासाठी लागते, हे मला मान्य आहे. ती किती वर्षं लागते, हे मात्र कुणीतरी वेळोवेळी विचारलं पाहिजे.

गुरुवार, रनीमीड

थेम्सच्या वरच्या अंगाला, कूपर्स हिलच्या माथ्यावर हवाई दलाचं स्मारक आहे. राणी एलिझाबेथ यांनी १७ ऑक्टोबर १९५३ रोजी त्याचं उद्घाटन केलं. ज्यांची कबरच नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई दलीय स्त्री-पुरुषांची नावं इथे ओवऱ्यांच्या भिंतींवर आहेत. त्यांत भारतीय वैमानिकही आहेत.

नूरचं नाव २४३ क्रमांकाच्या फलकावर आहे. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे दगड, त्यांवर पदांनुसार ओळी. तिच्या आडनावापुढे आद्याक्षर आणि जॉर्ज क्रॉसची दोन अक्षरं. बस्स. फ्रान्स नाही, मादलेन नाही, डाखाऊ नाही. फलकावरची इतर नावं समुद्रात पडलेल्या विमानांची, परत न आलेल्या दलाची. त्यांच्यात तीही एक.

मला वाटलं होतं की इथे वाईट वाटेल, पण वाटलं नाही. उलट या यादीत तिला हक्काची जागा आहे असं जाणवलं. ती खरंच हवाई दलाची होती आणि तिला खरंच कबर नाही. नियमात बसणारं जे होतं ते नोंदवणाऱ्यांनी नोंदवलं. बोटाने अक्षरं चाचपली. पोर्टलंडचा पांढरा दगड, कडा अजून धारदार.

वरच्या गच्चीवरून हीथ्रोला उतरणारी विमानं दिसतात, लागोपाठ.

शुक्रवार, टेम्प्सफर्ड

बेडफर्डशायरमध्ये गाडीने. शेतांच्या मधोमध जिब्राल्टर फार्मचं एक जुनं लाकडी कोठार उभं आहे. युद्धात इथे गुप्त धावपट्टी होती, वरून बघणाऱ्याला पडकं शेतघर दिसावं अशी रंगवलेली. पॅराशूटने उतरणारे एजंट याच कोठारातून निघायचे. खिशातली लंडनच्या बसची तिकिटं, इंग्लिश सिगारेटी, सगळं इथे काढून घेतलं जायचं. ज्यांना हवी त्यांना विषाची गोळी मिळायची. नूर इथून गेली नाही, तिचं विमान दक्षिणेकडच्या टँगमेअरहून उडालं. आत भिंतींवर पाट्या आणि पुष्पचक्रं आहेत, बाहेर एकेका नावाने लावलेली झाडं. गावातही महिला एजंटांचं एक स्मारक आहे, डिसेंबर २०१३ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी अनावरण केलेलं. पाऊस लागला म्हणून आम्ही लवकर परतलो.

रविवार, डाखाऊ

शनिवार विमान आणि हॉटेल यांतच गेला. रविवारी म्युनिकहून एस-२ लोकल, मग ७२६ नंबरची बस. बसमध्ये शाळकरी मुलं होती, जर्मन शिक्षकांबरोबर आलेली. रविवारीसुद्धा.

छावणीबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. शवदाहगृहापाशी भिंतीवर चार स्त्रियांची पाटी आहे. योलांद बीकमन, मादलेन दामरमाँ, नूर इनायत खान, एलियान प्ल्यूमन. चौघींना १३ सप्टेंबर १९४४ रोजी सकाळी इथे आणून गोळ्या घातल्या. त्याआधी नूरला बेदम मारहाण झाली, असंही नंतरच्या एका जबानीत आहे.

या पाटीवरची दोन नावं शेजारीशेजारी वाचणं मला जड गेलं. त्यामागचं कारण सांगायला हवं, कारण आदराने लिहिणारे बरेच जण ते टाळतात. नूर पकडली गेली ऑक्टोबर १९४३ मध्ये. तिने पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी वहीत जपून ठेवल्या होत्या, आणि ती वही जर्मनांच्या हाती लागली. तिला मिळालेल्या सूचनेचा तिने तसा अर्थ घेतला होता. त्या नोंदींच्या आधाराने जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी बोलणं चालू ठेवलं. लंडनच्या कचेरीला संशयाला जागा होती, तरी कचेरीने पुढची माणसं पाठवली. १९४४ च्या फेब्रुवारीअखेर शार्त्रजवळ पॅराशूटने उतरलेली मादलेन दामरमाँ थेट वाट बघत उभ्या असलेल्या जर्मनांच्या हातात पडली. सहा-सात महिन्यांनी दोघी इथे एकाच ओळीत.

याने नूर लहान होत नाही. चौकशीत तिने कुणाचं नाव दिलं नाही. जून १९४३ च्या अखेरीस तिच्या भोवतालचं, एसओईच्या पॅरिसमधल्या एजंटांचं अख्खं प्रॉस्पर जाळं कोसळलं तेव्हा लंडनने तिला परत बोलावलं, आणि आपण गेलो तर पॅरिसचा संपर्कच तुटेल म्हणून ती गेली नाही. सुटकेसमधला जड संच घेऊन, घरं बदलत, केसांचे रंग बदलत ती साडेतीन महिने टिकली. अशा ऑपरेटरचं आयुष्य सहा आठवडे धरलं जायचं, हे लक्षात घ्या. पण मादलेन दामरमाँला मान द्यायचा तर ती कशी पकडली गेली तेही सांगावं लागतं, आणि त्यात मोठा दोष संशय असूनही माणसं पाठवणाऱ्या टेबलाचा आहे. पाटीवर हे लिहायला जागा नसते. लिहिणाऱ्याकडे असते.

सोमवार, स्यूरेन

सकाळच्या विमानाने पॅरिस, दुपारी सेंट लाझार स्टेशनवरून लोकलने स्यूरेन. टेकडीच्या उतारावर ‘फझल मंझिल’, नूर वाढली ते घर. बाहेरच्या भिंतीवर फ्रेंचमध्ये मोजके शब्द: इथे नूर इनायत खान राहिली, १९१४ ते १९४४, प्रतिकारातली मादलेन, डाखाऊत गोळी घालून मारलेली, बकमास्टर जाळ्याची रेडिओ ऑपरेटर. ब्रिटिश खात्याचं नाव नाही. फ्रेंच विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांच्या नावाने इथले लोक त्या जाळ्याला ओळखत, तेच नाव पाटीवर आलं. रनीमीडच्या दगडावर जे नव्हतं ते सगळं इथे आहे, आणि तिथे जे होतं ते इथे नाही. दर १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, या घरासमोर लष्करी बँड येऊन वाजवतो. गावातल्या एका शाळेलाही तिचं नाव आहे.

घराच्या वरच्या अंगाला मों-वालेरियाँचा किल्ला. जर्मनांनी तिथे हजाराहून अधिक प्रतिकारवाद्यांना आणि ओलिसांना गोळ्या घातल्या. आम्ही संध्याकाळी फक्त बाहेरच्या लांब भिंतीपर्यंत गेलो.

रात्री जेवताना भाचीला मी व्हेरा अ‍ॅटकिन्सची गोष्ट सांगितली. माझ्या मते या सगळ्या पाट्यांच्या मुळाशी तीच बाई आहे. ती बकमास्टरची सहायक. एजंट निघताना त्यांचे खिसे, कपड्यांचे शिवणीचे टाके, दातांचं भरणकामसुद्धा फ्रेंच पद्धतीचं आहे ना, हे बघणारी. मागे राहिलेल्या घरच्यांना ठराविक मजकुराची पत्रं जायची: तुमच्या मुलीची खुशाली उत्तम आहे. मुलगी तुरुंगात असली तरी काही घरांत ती पत्रं येतच राहिली. युद्ध संपल्यावर खातं बंद होणार, आणि परत न आलेल्यांच्या फायली ‘बेपत्ता, मृत समजावे’ अशा शेऱ्यानिशी मिटणार, हे दिसत असताना व्हेरा जर्मनीत गेली. छावण्यांचे रक्षक, दाह करणारे कामगार, सुटलेले कैदी, सगळ्यांना तिने एकेक करून विचारलं. फ्रेंच विभागाच्या ११८ बेपत्ता एजंटांपैकी ११७ जणांचं काय झालं ते तिने शोधून काढलं.

शोध कठीण होता, कारण तो कठीण व्हावा अशीच व्यवस्था केली होती. नूरच्या कैदेवर ‘रात्र आणि धुकं’ असा शिक्का होता. माणूस कुठे गेला ते कुणाला कधी कळू नये, हा त्या शिक्क्याचा अर्थ. त्यात चूक झाली. ६ जुलै १९४४ ला अल्सासमधल्या नात्झवायलर छावणीत चार स्त्रियांना विषारी इंजेक्शन देऊन भट्टीत टाकलं गेलं. साक्षीदारांच्या वर्णनावरून व्हेराला वाटलं की त्यांतली एक नूर. घरच्यांना तसं कळवलंही. पुढे फोर्त्सहाइमच्या एका फ्रेंच कैदी बाईने त्या भांड्याच्या बुडावरचं नाव सांगितलं, जर्मन अधिकाऱ्यांच्या जबान्या आल्या, आणि नूर नात्झवायलरची नाही, डाखाऊची, हे उमगलं. जॉर्ज क्रॉसला १९४९ उजाडण्यामागे ही सगळी उलथापालथ आहे.

"मग नात्झवायलरची ती चौथी कोण?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, उद्या.

मंगळवार, वालाँसे

पॅरिसहून गाडीने दक्षिणेला. ल्वार ओलांडली की सोलोनची तळी आणि जंगलं, मग आँद्र जिल्हा. वालाँसे म्हणजे नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याचा मोठा महाल आणि वरचं टोक कापलेलं बकरीच्या दुधाचं चीज. युद्धात लूव्र संग्रहालयातल्या मूर्ती याच महालात आणून ठेवल्या होत्या.

स्मारक मात्र महालापाशी नाही, गावाच्या रस्त्याकडेला आहे. दोन उंच खांब, एक काळा, एक पांढरा, आणि मध्ये चंद्र. एजंट आणि हत्यारं चांदण्या रात्री उतरायची, म्हणून चंद्र. ५-६ मे १९४१ च्या रात्री एसओईच्या फ्रेंच विभागाचा पहिला माणूस, जॉर्ज बेगे, याच भागात पॅराशूटने आला आणि वालाँसेच्या माक्स हिमान्स यांच्या दारी गेला. त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ६ मे १९९१ ला, हे स्मारक उघडलं. ब्रिटनच्या राजमाता आल्या होत्या. यंदाचा ६ मेचा सोहळा नुकताच होऊन गेला होता, पुष्पचक्रं अजून टवटवीत होती. काहींच्या पट्ट्या निळ्या-पांढऱ्या-लाल, काहींवर पॉपी.

हे स्मारक व्हावं म्हणून झटलेल्यांत पर्ल विदरिंग्टन होती. हिचं नाव मला फार आवडतं. वालाँसे, इसूदाँ, शातोरू या टापूत तिने प्रतिकाराचं जाळं स्वतः चालवलं, आणि जिवंत राहिली. युद्धानंतर सरकारने तिला मुलकी सन्मान देऊ केला, तर तिने तो परत केला. मी जे केलं त्यात मुलकी असं काहीच नव्हतं, हे तिचं म्हणणं. स्वतःच्या पदकाबद्दल इतकी काटेकोर बाई, पण नंतरची खटपट केली ती मेलेल्या सोबत्यांच्या दगडासाठी. तिच्या स्वतःच्या पॅराशूटच्या बिल्ल्याला २००६ साल उजाडावं लागलं.

१०४ नावं आहेत. ९१ पुरुष, १३ स्त्रिया. आम्ही दोघी मोठ्याने वाचत गेलो. प्रॉस्परचा प्रमुख फ्रान्सिस सटिल. डाखाऊच्या चौघी. राव्हेन्सब्रुकची व्हायोलेट. मुरियल बिक, जिला गोळी लागली नाही की कुणी पकडलं नाही. इथून जवळच रोमोराँतँच्या इस्पितळात मे १९४४ मध्ये मेंदूज्वराने ती गेली, आणि तरी ती यादीत आहे, कारण ती कामावर होती. हे मला न्याय्य वाटलं.

नात्झवायलरच्या चौघींपैकी तीन नावं सापडली: आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना राउडन. भाचीने यादी पुन्हा वरपासून तपासली.

चौथी सोनिया ओल्शानेझ्की. केम्नित्सला जन्मलेली, पॅरिसमध्ये वाढलेली ज्यू नर्तकी. लंडनने तिला पाठवलं नव्हतं. पॅरिसमध्येच ती एका जाळ्यात सामील झाली, निरोप पोचवायची. आजूबाजूचे पकडले गेल्यावरही काम करत राहिली, जानेवारी १९४४ मध्ये पकडली गेली. लंडनमध्ये तिचा फोटो नाही, फाईल नाही, निघताना कुणी तिचे खिसे तपासले नाहीत. म्हणून तर साक्षीदारांनी वर्णन केलेली काळ्या केसांची मुलगी व्हेरा अ‍ॅटकिन्सने नूर धरली. सोनियाचं मरण काही काळ दुसरीच्या नावावर लागलं होतं. आणि यादीचा नियम असा की लंडनहून नेमलेल्यांचीच नावं यावीत, म्हणून या १०४ मध्ये ती नाही.

"पण मेली तर त्या तिघींबरोबरच ना, एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी, एकाच भट्टीत."

"मग हा कसला नियम?"

नियमामागचं कारण मी तिला सांगितलं. कुठेतरी रेघ ओढावी लागते. नाहीतर शेतात टॉर्च धरून उभे राहिलेले शेतकरी, छपरावर एरियल टांगू देणारी घरमालकीण, निरोप पोचवणारे सायकलवाले, सगळे यात येतील, आणि ते हजारोंनी होते. त्यांच्यातले किती तरी छावण्यांत मेले. हे सांगता सांगताच मला ते पटेनासं झालं. मुरियल आजाराने गेली तरी ती यादीत, कारण तिचा पगार लंडनहून निघत होता. सोनियाला मारणाऱ्यांनी असा फरक केला नाही. शक्य असेल तिथे तरी, जिथे नाव, तारीख, जागा सगळं हाती लागलंय तिथे तरी, ते नाव बाकीच्या तिघींशेजारी असायला हवं. नात्झवायलरमध्ये चौघींची पाटी आहे, आणि तिच्यावर सोनिया आहे.

भाचीने फोनवर नात्झवायलरचा रस्ता काढला. स्ट्रासबुर्गपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातून गाडी. तिची सुट्टी संपली होती, माझं परतीचं तिकीट गुरुवारचं. ऑक्टोबरात तिला आठवडा मिळेल म्हणाली.